अन्नपूर्णेच्या पळीतलं पहिलं कोणाला?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी आपण दत्तजन्माचा सोहळा करतो, पाळणा म्हणतो, सुंठवडा वाटतो. त्याच तिथीला पंचांगात आणखी एक नोंद असते, तिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे अन्नपूर्णा जयंती. जगाला जेवू घालणारी माता आणि दारोदार भिक्षा मागणारे दत्तगुरू, दोघांची जयंती एकाच दिवशी! एक वाढणारी, एक मागणारा. या योगावर मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. तो करायला लावला आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी.

माझ्या देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा पितळेची, बोटभर उंचीची. लग्नात गौरीहराच्या पूजेला आईनं दिली आणि बाळकृष्णासोबत ती माझ्याबरोबर सासरी आली. लहानशा वाटीत तांदूळ, त्यावर ती बसलेली, हातात पळी. दर शुक्रवारी खालचे तांदूळ बदलायचे आणि जुने घरच्या भातात शिजवायचे, ही आमच्याकडची रीत. काशीहून सुमारे शंभर वर्षांपूर्वी परदेशी गेलेली अन्नपूर्णेची एक मूर्ती कॅनडातून परत आली आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामात तिची पुन्हा स्थापना झाली, हे पुष्कळांना आठवत असेल. तिच्याही एका हातात खिरीची वाटी आहे आणि दुसऱ्या हातात पळी. या देवीला शस्त्र लागत नाही. तिचं सगळं सामर्थ्य वाढण्यात आहे. आणि तिच्यापुढे हात पसरून उभे आहेत ते साक्षात विश्वेश्वर.

आता तो प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वीची दत्तजयंती. आमच्या ह्यांच्या गुरुचरित्र पारायणाची त्या दिवशी सांगता होती. सकाळपासून सोवळ्यात स्वयंपाक चालला होता. महाराजांना प्रिय म्हणून घेवड्याची भाजी, वरणभात, शिरा. गाईचा घास आधीच काढून ओट्यावर झाकून ठेवला होता, कावळ्याचाही. मावशींचं काम आटोपलं तसा मी फ्रिजमधून परवाच्या मसालेभाताचा डबा काढला आणि नेहमीसारखा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडून पाहिलं. म्हणाल्या, “काकू, आज जयंती ना? मग आजचंच द्या की थोडं.”

मी म्हटलं, “अहो मावशी, नैवेद्य व्हायचाय अजून.”

“बरं,” म्हणाल्या, आणि डबा पिशवीत घालून गेल्या. रागावल्या नाहीत, काही नाही. जाताना त्यांची नजर ओट्यावरच्या गोग्रासाकडे गेली, एवढंच.

नैवेद्य झाला, आरती झाली, संध्याकाळी पाळणाही झाला. पण माझं मन त्या ओट्यावरून हलेना. गाईला ताजं, कावळ्याला ताजं, देवाला तर ताजंच. आणि माझ्या घरात दोन तास पाण्यात हात घालून उभ्या असलेल्या माणसाला परवाचं! हे कोणत्या शास्त्रात बसतं?

शास्त्रात तर उलट आहे. गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत देव, पितर आणि भूतमात्र यांच्याबरोबर मनुष्ययज्ञही आहे. अतिथीला घालावं, मग गृहस्थानं जेवावं, असा क्रम. यातला गोग्रास आणि काकबळी आपण नेमानं सांभाळला. तो सोपा होता. गाय काही बोलत नाही, कावळा विचारत नाही. माणूस मात्र झाकण उघडून पाहतो.

वाचकहो, दत्तसंप्रदायात तर ही गोष्ट जागोजागी सांगितलेली आहे. दत्तजन्माची कथाच मुळी दारात उभ्या असलेल्या भुकेपासून सुरू होते. अनसूयामातेच्या आश्रमात तिन्ही देव आले ते भिक्षा मागत. तिनं त्यांना रित्या हातानं जाऊ दिलं नाही, म्हणून तर तिच्या मांडीवर दत्तात्रेय आले. गाणगापुरात आजही गाडीतून आलेला सधन भक्त दुपारी झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतो. कारण मागणाऱ्याचा हात कसा असतो, हे एकदा तरी आपल्या हाताला कळावं. आणि महाराज त्या वेळी कोणत्या रूपात येतील सांगता येत नाही, ही श्रद्धा आहेच.

गुरुचरित्रातली घेवड्याच्या वेलाची कथा आपल्याला पाठ आहे. अमरापुरातल्या त्या दरिद्री ब्राह्मणाच्या घरी त्या दिवशी धान्याचा दाणा नव्हता. दारातल्या वेलाच्या शेंगा शिजवून घरची माणसं पोट भरत. महाराज भिक्षेला आले तेव्हा त्यांना तेच वाढलं. पुढे वेल उपटला, द्रव्याचा हंडा सापडला, हे आपण रंगवून सांगतो. पण त्याआधीचं महत्त्वाचं वाक्य निसटतं. जे स्वतः खाणार होते, तेच त्यांनी वाढलं. माझ्या ओट्यावर त्या दिवशी तोच घेवडा शिजत होता, आणि मी डबा काढला होता फ्रिजमधला.

माझे वडील वारावर जेवून शिकले. सात वार, सात घरं. म्हातारपणीही ते सांगत, “एका घरी पान आमच्या पंगतीतच मांडायचे. दुसरीकडे सगळे उठल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी बसवायचे. पदार्थ तेच असायचे, पण दुसऱ्या घरचं पोटात उतरायचं नाही.” म्हणजे एका पिढीमागे आम्हीच त्या दाराशी बसलो होतो. मुलीच्या हातात पळी आली आणि ती विसरली.

कोणी म्हणेल, मग काय उरलेलं फेकून द्यायचं? मुळीच नाही. अन्न टाकणं हाही अन्नपूर्णेचा अपमानच. आणि शिळं म्हणजे वाईट असंही नाही. फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा आपण आवडीनं खातोच की. प्रश्न शिळ्या-ताज्याचा नाही. मी स्वतः हे आज खाणार होते का, एवढंच विचारायचं. खाणार असेन, तर “कालचं आहे, चालेल का?” असं सांगून द्यावं, आणि समोरच्याला ‘नको’ म्हणायला जागा ठेवावी. खाणार नसेन, तर ते दान नव्हे. आपला डबा रिकामा झाला, इतकंच.

दुसरंही कोणी म्हणेल, त्यांना पगार देतो, त्या काही भिक्षेकरी नाहीत. खरंय. म्हणूनच तर! त्यांनी मागायची वेळच येऊ नये. स्वयंपाकाच्या वेळी जो घरात आहे, तो त्या दिवसापुरता घरचा. माझ्या सासूबाई वाटीभर तांदूळ नेहमी जास्त टाकायच्या. कोणासाठी, असं विचारलं तर म्हणायच्या, “येईल त्याच्यासाठी.” आम्ही हसायचो. कुकर लहान झाले तसा तो वाटीभर तांदूळही गेला.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा क्षमा मागायला जीभ रेटली नाही. तेवढी मोठी मी नाही. गोग्रास काढला, त्याच्या शेजारी एक ताट वाढून झाकलं आणि म्हटलं, “मावशी, आधी जेवा, मग भांडी.” त्या जरा घुटमळल्या, मग बसल्या. आता हे रोजचंच झालंय. ताटात कधी भाकरी असते, कधी नुसती आमटी-भात.

मागच्या महिन्यात पहिला घास घेऊन म्हणाल्या, “काकू, आज मीठ कमी पडलंय.”

मी उठून मीठ आणून दिलं. देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेची इतकी वर्षं पूजा केली, पण नैवेद्य कसा झालाय ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कळलं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.