आगमन कोणाचे?

(वाचन : मत्तय 24:3-8)

नाताळापूर्वीच्या चार रविवारांना आपण आगमनकाळ म्हणतो. इंग्रजी उपासनेत त्यालाच 'अ‍ॅडव्हेंट' म्हणतात. मूळ शब्द लॅटिन, 'आद्वेंतुस'. 'आद' म्हणजे कडे, 'वेनीरे' म्हणजे येणे. हे 'वेनीरे' आणि संस्कृतातील 'गम्' एकाच प्राचीन धातूपासून निघाले. तेव्हा आपले 'आगमन' त्याचे चुलतभावंडच म्हणावे.

पदविकेच्या अभ्यासात आम्ही हे नाम चालविले होते. प्रथमा 'आद्वेंतुस', षष्ठी 'आद्वेंतूस'. फरक काय तो एका ऱ्हस्व-दीर्घाचा, आणि लॅटिन लिहिताना तोही सहसा दाखवीत नाहीत! मागचेपुढचे शब्द पाहून ठरवायचे. चतुर्थी मात्र स्पष्ट, 'आद्वेंतुई'. रोमी सम्राट हेड्रियन याच्या नाण्यांवर ती आढळते. इ.स. 130 च्या सुमारास तो यहूदीयात आला, त्या 'आगमनाप्रीत्यर्थ' नाणे निघाले. 132 मध्ये तेथे बंड पेटले आणि 135 पर्यंत रोमी सैन्याने तो प्रांत उद्ध्वस्त केला. असेही आगमन असते.

जैतुनांच्या डोंगरावर शिष्यांनी प्रभूला त्याच्या आगमनाचे चिन्ह विचारले. लॅटिन शास्त्रात तेथे हेच नाम षष्ठीत आहे. प्रभू आधी चिन्ह सांगत नाही. फसविणाऱ्यांपासून सावध करतो.

आम्हां भोपाळकरांना हा भाग सहज वाचवत नाही. 1984 साली आगमनकाळाचा पहिला रविवार 2 डिसेंबरला होता. त्याच रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट सुटले आणि झोपलेल्या वस्त्यांत शिरले. हजारो माणसे मेली. ते प्रभूच्या येण्याचे चिन्ह होते, पापाचा दंड होता, असे म्हणणारे आम्ही ऐकले आहेत. बंधुभगिनींनो, आम्हांस हे मान्य नाही. टाकी थंड ठेवणारे यंत्र बंद होते. सुटलेला वायू जाळणारा मनोराही बंद होता. माणसांची ही हयगय प्रभूच्या नावावर घालू नये. आणि दंडच म्हणावा, तर तान्ह्या लेकरांना तो कशाचा?

रविवार शाळेत पहिली मेणबत्ती लावताना एका मुलीने आम्हांस विचारले, "येशू येणार होता, मग गॅस का आला?" आम्ही म्हणालो, येशू जन्मला तेव्हाही बेथलेहेमात लेकरे मारली गेली, आणि शास्त्र ते हेरोदाचे कृत्य म्हणते, देवाचे नव्हे. ती म्हणाली, "पण त्यांच्या आया?"

आम्ही मत्तय 2:18 काढून पुस्तक तिच्याच हाती दिले. तिने ते मोठ्याने वाचले. मग मेणबत्ती लावली.