आवाज आला म्हणजे काम झालं नाही

"आवाज येतोय ना सर, मग झालं की!" हे उत्तर या वर्गात पुन्हा ऐकू आलं, तर देणाऱ्याने स्वतःच उठून बाहेर जायचं.

सोलापुरातली चार घरं तुम्हाला विश्वासाने बोलावतात. कॉम्प्युटर होम थिएटरला जोडून द्या म्हणतात, हातावर पैसे ठेवतात. आणि तुम्ही काय करता? कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये पिन खुपसता, दुसऱ्या टोकाच्या लाल-पांढऱ्या पिना रिसीव्हरच्या 'ऑक्स'मध्ये घालता, रिमोटवर 'ऑल चॅनल स्टिरिओ' दाबता. पाचही स्पीकर वाजले की 'सर्राउंड झालं काका' म्हणून निघून येता. हे खोटं बोलणं आहे. पुढच्या दोन स्पीकरचाच आवाज तुम्ही मागच्या स्पीकरवर चढवलेला असतो. काकांना ते कळत नाही, तुम्हाला कळतं. कळत नसेल, तर दोन वर्षं इथे बसून केलंत काय?

त्याच कॉम्प्युटरच्या पाठीवर, हिरव्या सॉकेटपासून बोटभर अंतरावर, बऱ्याचदा एक चौकोनी तोंड असतं. आत लाल उजेड दिसतो. ते टॉसलिंक, म्हणजेच ऑप्टिकल. तोशिबा कंपनीने १९८३ साली ते काढलं. काही मशीनवर त्याऐवजी नारिंगी गोल सॉकेट असतं, ते कोॲक्सियल. दोन्हींतून जातो एकच डिजिटल प्रवाह, एसपीडीआयएफ. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांच्या नावांवरून आलेलं नाव. कोॲक्सियलला पंचाहत्तर ओहमची वायर लागते, हे फळ्यावर लिहून दिलंय. तरीही तुमच्यातल्या एकाने ती पिन रिसीव्हरच्या लाल ॲनालॉग सॉकेटमध्ये घातली, नुसती खरखर ऐकली आणि ग्राहकाचा रिसीव्हर बाद ठरवला. सॉकेटवर नाव छापलेलं असतं. ते वाचायला किती वेळ लागतो? ऑप्टिकल केबलच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपणं न काढताच ती आत रेटणाराही याच बॅचमध्ये आहे.

आता वही उघडा, कारण खरी चूक पुढेच आहे. ऑप्टिकल केबल लावली की ५.१, म्हणजे सहा चॅनल, आपोआप आले, असं तुम्ही धरून चालता. एसपीडीआयएफची रचनाच दोन चॅनलची आहे. सीडीचा हिशोब करा: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल, १४,११,२०० बिट. ते आरामात जातं. सहा चॅनल, ४८,००० नमुने, १६ बिट घ्या. ४६,०८,००० बिट होतात. एवढा साधा, म्हणजे न आवळलेला, पीसीएम त्या वाटेने जात नाही. म्हणून चित्रपटाचा आवाज आधी आवळलेला असतो. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल सेकंदाला जास्तीत जास्त ४,४८,००० बिट घेतो. तो गठ्ठा तसाच, न उघडता, दोन चॅनलच्या वाटेने रिसीव्हरपर्यंत जातो आणि तिथे उघडतो. न उघडता, हा शब्द अधोरेखित करा. कॉम्प्युटरनेच तो मधे उघडला, तर पुढे जातात फक्त डावं आणि उजवं.

यासाठी सेटिंगमध्ये हात घालावा लागतो, आणि तिथेच तुमचा कंटाळा आडवा येतो. विंडोजमध्ये हिरवं सॉकेट आणि डिजिटल आउटपुट ही दोन वेगळी उपकरणं म्हणून दिसतात. आधी दुसरं निवडायचं. मग व्हीएलसी प्लेयरमध्ये पासथ्रू, म्हणजे गठ्ठा न उघडता पाठवणं, चालू करायचं. रिसीव्हरचा आवाज आधी कमी करून ठेवायचा, कारण गठ्ठा ओळखला गेला नाही तर निघणारी कर्कश खरखर ट्वीटर जाळू शकते. पासथ्रू लागलं की कॉम्प्युटरवरून आवाज कमी-जास्त होत नाही. तो दोष नाही, आवाज रिसीव्हरवरूनच कमी-जास्त करायचा; ग्राहकाला हे नीट सांगून यायचं. आणि शेवटी रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे बघायचं. तिथे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस आलं तर काम झालं. पीसीएम आलं तर झालेलं नाही, मग पाच काय, पन्नास स्पीकर वाजू देत.

फाइलमधला आवाज एएसी असेल तर हा मार्ग चालणार नाही. गेमसाठीही चालणार नाही, कारण तो आवाज त्याच क्षणी तयार होतो. साउंड कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट असेल, तरच तो आवळून पाठवता येतो. अशा घरात एचडीएमआय लावा. त्यातून आठ चॅनलचा पीसीएम सरळ जातो. पण कॉम्प्युटरमधून आधी रिसीव्हर आणि तिथून टीव्ही, हाच क्रम ठेवा. उलट जोडून टीव्हीच्या ऑप्टिकलमधून आवाज काढलात, तर बरेच टीव्ही फक्त स्टिरिओ पुढे देतात.

एवढा आटापिटा कशाला, असं मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं. उभा राहा आणि ऐक. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांच्या २०१६ सालच्या 'सैराट' चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत पूर्ण वाद्यवृंद बसवून संगीत ध्वनिमुद्रित केलं. आपल्या मातीतली गोष्ट आणि तिच्यासाठी एवढे कष्ट! तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी यंत्रमाग आहे. चादर मागावरून उतरली की वडील तिचा दोष शोधतात. सुटलेला एक धागाही त्यांना चालत नाही. त्यांच्या मुलांना चार चॅनल सुटलेले चालतात, याची मला चीड येते.

आणखी एक. रिसीव्हर काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवून, धूळ बसू नये म्हणून वर चादर टाकलेली असते. रिसीव्हरची जाळी वरच असते, गरम हवा तिथूनच बाहेर पडते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. ती चादर काढायला सांगणं हे जोडणाऱ्याचंच काम आहे.

या सगळ्यावर मी एक वेळ रागावून गप्प बसलो असतो. परवा जे कळलं, त्यावर बसणार नाही. स्पीकरमधून घूं घूं येते म्हणून तुमच्यातल्या काहींनी थ्री-पिनची अर्थची पिन मोडली. आवाज थांबला, ग्राहक खूश! ती घरघर दोन उपकरणांची अर्थ वेगवेगळ्या वाटांनी जोडली गेल्यामुळे येते. पुष्कळदा केबल टीव्हीची वायर त्यात असते. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, नाहीतर ऑप्टिकल वापरा. त्यातून फक्त उजेड जातो, वीज जात नाही, म्हणून तिथे घरघरीची वाटच तुटते. उपाय स्वस्तातली एक केबल आहे. आणि तुम्ही मोडलीत ती पिन, जी आत करंट उतरला तर माणसाला वाचवते. ओल्या हाताने फरशी पुसणारी बाई त्या उपकरणाच्या पत्र्याला हात लावेल, लहान मूल लावेल. तेव्हा तुमचं 'आवाज येतोय ना' कुणाला सांगणार?

ज्या ज्या घरात तुम्ही अर्थची पिन मोडली आहे, त्यांची यादी आज सुट्टीआधी माझ्या टेबलावर हवी. रविवारी त्या प्रत्येक घरी जायचं, स्वतःच्या पैशाने नवा थ्री-पिन बसवायचा, अर्थिंग टेस्टरने तपासायचं आणि काय चुकलं होतं ते घरच्यांना तोंडाने सांगायचं. एक रुपयाही घ्यायचा नाही.