झाडे लावून मोडलेला माळ

सोलापूरजवळचे नान्नज माळढोक पक्ष्यामुळे देशभर माहीत झाले. 1979 साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याची कागदोपत्री हद्द साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होती. पुढे ती सव्वाबाराशेवर आली. पक्षी तर त्याआधीच दिसेनासा होऊ लागला होता.

शिकार झाली, विजेच्या तारा आल्या, उजनी धरणाचे पाणी आले आणि जिरायत रानात ऊस उभा राहिला. ही कारणे आपण मान्य करतो. पण याच माळावर आपण पुण्याचे काम म्हणून झाडे लावली, त्याबद्दल फारसे बोलत नाही. गिरिपुष्पासारखी, मूळची अमेरिकेतली, भराभर वाढणारी झाडे. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते. चहूकडे लांबवर दिसत राहणे, एवढेच तिचे संरक्षण. झाडांच्या रांगा वाढल्या की तिची नजर अडते आणि कावळ्याला टेहळणीसाठी फांदी मिळते. काळविटालाही मोकळे रानच लागते.

माणसाने जमीन वापरली म्हणून माळ मोडला, असे मला वाटत नाही. शतकानुशतके इथे धनगरांच्या मेंढ्या चरल्या, पावसावरची ज्वारी, करडई, हरभरा पिकला, सुगीनंतर शेतात खतासाठी मेंढ्या बसल्या. माळढोक त्याच शिवारात नाकतोडे टिपत हिंडला. लांडग्याने अधूनमधून मेंढरू नेले. मेंढपाळाने शिव्या घातल्या, पण लांडगाही टिकला. हा वापर माळाच्या प्रकृतीला धरून होता. पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, खाली मुरूम, वर वीतभर माती. अशा जमिनीत पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते तग धरतात. त्यांची मुळे माती धरून ठेवतात आणि कार्बनही जमिनीखाली साठवतात, जिथे वणव्याची झळ पोचत नाही.

तरीही सरकारदरबारी माळ म्हणजे पडीक. इंग्रजांच्या महसुली दृष्टीला ज्या जमिनीतून सारा मिळत नव्हता ती वाया गेलेली दिसली, आणि स्वतंत्र भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही माळराने याच सदरात गेली. त्यामागे एक समजूत आहे: इथे कधीकाळी घनदाट जंगल होते, माणसाने ते तोडले, आता परत लावले पाहिजे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी 2025 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य आणि लोककथा तपासल्या. त्यांत आलेल्या रानटी वनस्पतींपैकी बहुसंख्य मोकळ्या, गवताळ, काटेरी रानातल्याच निघाल्या. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही इथे माळच होता.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. दुष्काळ सोसलेल्याला पाणी दिसले तर तो ते घेणारच. वृक्षलागवडीला मात्र तशी कोणतीच निकड नव्हती. खड्डे खणताना पवन्याचे जुने ठोंब उपटले जातात, आणि ते गवत सहजी परतत नाही. रोपे जगावीत म्हणून मग चर खोदतात, कुंपण घालतात, चराईबंदी लावतात. ज्याने हा माळ राखला, तो मेंढपाळ त्या कुंपणापाशी अडवला जातो आणि आत शिरला तर दंड भरतो. अलीकडे इंदापूरकडच्या कडबनवाडीत वनखाते गवताळ रानातली सफारी चालवते. लांडगा, खोकड, चिंकारा बघायला लोक पैसे देऊन येतात, ही आशेची गोष्ट आहे. तिथे गवत राखायचे आणि पुढच्या तालुक्यात तसल्याच माळावर खड्डे खणायचे, हे एकाच खात्याने कसे करावे, याचे उत्तर त्याने द्यायला हवे.