शंकासमाधान : भिंतीशी बोलल्यासारखं

शंका : मे महिन्याच्या वादळात आमची निसवलेली केळीची बाग आडवी झाली. सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. पण माझी शंका त्याच्याही आधीची. दीडेक वर्ष झालं, प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. शनिवारच्या प्रार्थनासभेत बाकीच्या बाया साक्ष देतात, प्रभू माझ्याशी असं बोलला, तसं बोलला. मी खाली मान घालून बसते. मंडळीतल्या एक जाणत्या बाई म्हणाल्या, तुझ्यात एखादं लपलेलं पाप असेल, ते आठव आणि कबूल कर. आठवून आठवून मी दमले. देव माझ्यापासूनच का लपला?
— एक भगिनी, यावल तालुका

समाधान : ताई, आधी ते पाप आठवत बसणं बंद करा. ज्या चुका तुम्हाला ठाऊक आहेत त्यांची क्षमा मागा आणि उठा. नसलेलं पाप हुडकून काढायला देवानं कुणाला सांगितलेलं नाही. इयोबाचे तीन मित्र त्याला हेच सांगायला आले होते. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप भडकला तो त्या मित्रांवर. त्या जाणत्या बाईंनी तो शेवटचा अध्याय एकदा वाचावा, अशी माझी नम्र विनंती.

देव लपला आहे असं म्हणणं हा अविश्वास नव्हे. स्तोत्र ८८ उघडून पाहा. दुःखाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे जरा तरी उजेडात येतात, हे येत नाही. ते अंधारातच संपतं. स्तोत्रं गोळा करणाऱ्यांना ते गाळता आलं असतं, पण त्यांनी ठेवलं. एस्तेरच्या पुस्तकात तर देवाचं नावसुद्धा नाही, तरी ते आपल्या पवित्र शास्त्रात आहे. तेव्हा तुमच्यासारख्यांना या पुस्तकात पूर्वीपासून जागा आहे.

आता एलीयाकडे वळू. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी हळू आवाजात बोलला, हे आपण पाळक लोक फार रंगवून सांगतो. त्याच्या अलीकडचा भाग मात्र घाईत उरकतो. एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवानं त्याला तेव्हा उपदेश केला नाही, पापही विचारलं नाही. त्याला झोपू दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. प्रश्न विचारले ते कितीतरी दिवसांनी. म्हणून मी तुम्हाला विचारतो : रात्री झोप लागते का? जेवण जातं का? लागत नसेल, जात नसेल, तर जळगावला डॉक्टरांकडे जा आणि मनाचं सगळं मोकळेपणानं सांगा. गोळी घेतल्यानं विश्वास उणा होत नाही.

तुम्ही बागायतदार, केळीचं तुम्हाला मी काय सांगावं! घड निसवल्यावर दिसतो, पण धरलेला असतो फार आधी, खाली गड्ड्यात. खोडाच्या आतून तो वर चढत असतो आणि बाहेरून नुसती पानं दिसतात. हा दाखला मी प्रवचनात पुष्कळदा दिला आहे. तुमचं पत्र वाचल्यावर तो देववेना. तुमचा घड बाहेर आला होता आणि तरी पडला. त्याचं कारण मला सांगता येत नाही. जो कोणी सांगेल, त्याच्यापासून जरा सावध राहा.

तुमच्या पत्राच्या शेवटी, समासात, एक ओळ आहे. वादळाच्या दुसऱ्या दिवशी न बोलावता शेजारचे तडवी भाऊ कोयता घेऊन आले आणि वाचलेले घड उतरवू लागले. जाऊबाईंनी दोन दिवस तुमच्या घरची चूल सांभाळली. ही ओळ तुम्ही समासात का लिहिली? शनिवारी साक्ष द्यावीशी वाटली तर हीच द्या. अम्माऊसच्या वाटेवर ते दोघे शिष्य मैलोन्‌मैल प्रभूबरोबर चालले, तरी त्यांना ओळख पटली नाही. पटली ती संध्याकाळी, भाकर मोडताना. आणि पटताक्षणी तो दिसेनासा झाला. ओळख अशी उशिरा आणि थोडा वेळच पटते.

महिनाभर लांब प्रार्थना करू नका. रोज एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, आमेन म्हणा, कामाला लागा.

शंका : रेल्वेत गाडीवर ड्यूटी असल्यानं महिन्यातले दोन-तीन रविवार उपासना चुकते. देवापासून लांब चाललो आहे असं वाटतं. काही जण आजारपणाचं सर्टिफिकेट देऊन येतात. तसं करावं का?
— एक बंधू, भुसावळ

समाधान : करू नका. खोटं सर्टिफिकेट खिशात घेऊन प्रभुभोजनाला बसण्यापेक्षा सिग्नल नीट पाहिलेला बरा. मागच्या डब्यांत हजार-दीड हजार माणसं झोपलेली असतात. पाळकांना तुमचं रोस्टर दाखवा आणि मधल्या वारी घरी यायला सांगा. ते आले नाहीत तर मला कळवा.

शंका : आई काम करताना बहिणाबाई चौधरींची गाणी गुणगुणते. तिला त्यांत देव भेटतो म्हणते. मंडळीतल्या काहींना हे खटकतं. तिला थांबवावं का?
— एक वाचक, जळगाव

समाधान : मुळीच नको. खटकणाऱ्यांनी आपला इतिहास पाहावा. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती गायली ती अभंगातून, आणि 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं ते ओवीत. त्यांना कुणी थांबवलं असतं तर? १९०७ साली तुमच्याच जळगावात कविसंमेलन भरलं. धरणगावच्या ठोमरे नावाच्या पोराला तिथं बालकवी ही पदवी मिळाली. टिळक तिथं होते. पुढं तो पोरगा नगरला टिळकांच्या घरी राहिला, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला माया लावली. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, तरी त्या घरात कुणी त्याच्या कविता नाकारल्या नाहीत. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ तो गाडीखाली गेला. पुढच्या मे महिन्यात टिळकही गेले. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. ते पुरं केलं शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी, घरचा रगाडा उपसत.

आईला गाऊ द्या. तिची स्वतःची एखादी ओळ त्यात असेल तर वहीत उतरवून ठेवा. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरच्या पोरांनी उतरवून घेतलं म्हणून आज आपल्या हाती काही आहे. त्या गेल्या डिसेंबर १९५१ मध्ये, आणि पुस्तक निघालं १९५२ साली.