राणी कमलापतींच्या गावात उपरा कोण?

भोपाळच्या हबीबगंज रेल्वे स्थानकाला नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापतींचे नाव देण्यात आले. कमलापती ही गोंड राणी. अठराव्या शतकाच्या आरंभी या तलावांच्या मुलखावर तिचा अंमल होता आणि तिचा महाल आजही तलावाच्या काठावर उभा आहे. गंमत अशी, की ज्या शहराने आपल्या सर्वांत देखण्या स्थानकावर गोंड राणीचे नाव कोरले, त्या भोपाळ जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे आदिवासी होते जेमतेम ३ टक्के. सबंध मध्य प्रदेशात हे प्रमाण २१ टक्क्यांहून अधिक होते. राणीच्या रक्तामांसाचा माणूस तिच्या शहरात येतो तो बहुधा डोक्यावर घमेले घेण्यासाठी. आणि ज्यांचे आजे-पणजे बाहेरून आले, ते त्याला मजुरी ठरवून देतात.

आलेले सुखवस्तू आणि मूळचे विपन्न, हे चित्र जगात अनेक ठिकाणी दिसते. त्याचे अर्थशास्त्र अनेकांनी मांडले आहे. मला इथे विचारायचा आहे तो नीतीचा प्रश्न. आलेल्याच्या भरभराटीचा मूळच्याच्या दैन्याशी काही संबंध लागतो का? लागत असेल, तर आलेल्याच्या नातवाने त्याचे काय करायचे? प्रश्न तुमच्या-माझ्या घरापर्यंत येतो, कारण भोपाळमध्ये आलेल्यांत आपणही आहोत.

आधी हे आलेले कोण ते पाहू. पहिला आला दोस्त मोहम्मद खान हा अफगाण सरदार. पतीच्या खुनाचा सूड घेण्यासाठी कमलापतीने त्याची मदत मागितली, अशी परंपरा सांगते. मदतीला आलेला पुढे मालक झाला आणि त्याच्या वंशाने १९४९ पर्यंत भोपाळवर राज्य केले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. महायुद्धातल्या युद्धकैद्यांसाठी बैरागढला उभारलेल्या बराकींत त्यांची सोय झाली. तेच आजचे संत हिरदारामनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. मग आले १९५६ साल. १ नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, नागपूरची राजधानी गेली, आणि नागपूरच्या सचिवालयातले कारकून, अधीक्षक, लघुलेखक फायलींच्या पेट्यांबरोबर भोपाळला उतरले. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना सुरू झाला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुशल कामगार आले.

पुस्तकांत ही दोन शहरे वेगवेगळ्या प्रकरणांत येतात म्हणून एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ज्या नागपुराहून ही मराठी मंडळी निघाली, ते नागपूरही गोंड राजानेच वसवले होते. छिंदवाड्याजवळच्या देवगडचा राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी त्याची स्थापना केली. पुढे चांद सुलतान वारल्यावर वारसांत तंटा झाला, त्याच्या विधवा राणीने, रतनकुंवरने, वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले, आणि मदतीला आलेले भोसले नागपूरचे धनी झाले. तिकडे अफगाण, इकडे मराठे. दोन्हीकडे गोंड राणीची हाक आणि दोन्हीकडे तोच शेवट. १९५६ साली मराठी कारकून एका गोंडांच्या गावातून दुसऱ्या गोंडांच्या गावात गेला, आणि दोन्ही गावांत गोंड त्याच्या दाराबाहेरच होता.

या तफावतीचे एक लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. ते दिवाणखान्यात चहाबरोबर मिळते. आलेला माणूस कष्टाळू, काटकसरी, मुलांना शिकवणारा. मूळचा माणूस आजचे आज खाणारा, उद्याची फिकीर नसणारा. सिंधी बांधवांचेच पाहा ना, अंगावरच्या कपड्यांनिशी आले आणि आज दुकानांच्या रांगा उभ्या केल्या!

या म्हणण्यात थोडे सत्य आहे, म्हणूनच ते फसवे आहे. सिंधी निर्वासितांनी उपसलेले कष्ट कोणी नाकारू नये. पण अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला माणूससुद्धा रिकामा येत नाही. त्याच्या डोक्यात व्यापाराचा हिशेब असतो, उधारीवर माल देणारे नातेवाईक दहा गावांत पसरलेले असतात. शिवाय राज्यसंस्था त्याच्या नुकसानीला नुकसान म्हणत होती. विस्थापितांच्या भरपाईसाठी आणि पुनर्वसनासाठी १९५४ मध्ये संसदेने खास कायदा केला. मराठी कारकुनाचे तर विचारायलाच नको. त्याच्या खिशात नेमणुकीचे पत्र होते, पुढे सरकारी क्वार्टर होते, पहिल्या तारखेला पगार होता. आपण ज्याला आपल्या आजोबांची जिद्द म्हणतो, तिच्या पाठीशी इंग्रजी शाळेच्या दोन-तीन पिढ्या उभ्या होत्या.

आणि बाहेरून आला म्हणजे सुखी झाला, असेही नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री कीटकनाशकांच्या कारखान्यातून वायू सुटला, तेव्हा त्याच्या भिंतीसमोरच्या वस्त्यांत जे मेले, त्यांत पोटासाठी खेड्यांतून भोपाळला आलेले पुष्कळ होते. तेही स्थलांतरितच. तेव्हा ‘आलेले’ आणि ‘मूळचे’ ही दोन पोती तराजूच्या दोन पारड्यांत टाकून वजन करणे हीच पहिली चूक. पाहायला हवे ते येताना कोणी काय आणले, आणि राहता राहता कोणाचे काय गेले.

गोंडांचे काय गेले याचा हिशेब आपल्या सातपुड्यातच मिळतो. १८६० च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत पक्की केली आणि गावाच्या सारावसुलीच्या हक्काचे मालकीत रूपांतर झाले. मालक झाले ते कागद वाचता येणारे. १८७८ च्या वन कायद्याने जंगल राखीव झाले. काल ज्या रानात महू वेचला, तिथे आज पाऊल टाकणे गुन्हा ठरला. मग सावकार आला, दारूचा ठेकेदार आला. आदिवासींच्या जमिनी इतक्या वेगाने हातची जाऊ लागल्या, की खुद्द इंग्रज सरकारला १९१६ मध्ये मध्य प्रांतात जमीन हस्तांतरावर बंधन घालणारा कायदा करावा लागला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेत तसेच बंधन ठेवावे लागले. ज्या गोष्टीवर दोनदा कायदा करावा लागतो, ती दोनशे वेळा घडलेली असते. पुढे नर्मदेवरच्या बर्गी धरणाने, जे १९९० मध्ये भरले, मंडला, सिवनी, जबलपूरच्या शेकडो गोंड घरांना हलवले, आणि त्यांतले अनेक जबलपुरात रिक्षा ओढू लागले. स्वतःच्या मुलखात ते स्थलांतरित झाले.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०११ मध्ये मध्य प्रदेशाची साक्षरता ६९ टक्के होती, आदिवासींची सुमारे ५१. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या बहुआयामी दारिद्र्य अहवालात भारतातल्या १२ कोटी ९० लाख आदिवासींपैकी साडेसहा कोटी, म्हणजे निम्मे, गरीब ठरले. या अहवालाने केवळ पैसा मोजला नव्हता. आहार, शाळा, पाणी, सरपण, घर हे मोजले होते. म्हणून ‘आदिवासींच्या गरजाच कमी, ते रानात सुखी’ हे दुसरे दिवाणखानी वाक्यही टिकत नाही. रानात कधीकाळी सुख होते हे खरे असेल. पण रान काढून घ्यायचे आणि रानातल्या सुखाचे गोडवे गायचे, ही दुहेरी लबाडी झाली.

डॉ. अमर्त्य सेन यांनी विचारले होते, की समता म्हणता, पण कशाची? त्यांचे उत्तर असे, की माणसाला काय करता येते आणि काय होता येते, ते पाहा. या कसोटीचे उदाहरण भोपाळमध्येच आहे. १९८२ मध्ये भारत भवन उभे राहिले. त्याच्या बांधकामावर झाबुआकडची एक भिल्ल तरुणी, भूरीबाई, मजूर होती. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी तिच्या हाती रंग दिले. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या परधान गोंड तरुणाला याच भारत भवनाने जगापुढे आणले. त्याच्या नावाने एक चित्रशैली ओळखली जाऊ लागली. या दोघांच्या बोटांत ही कला घमेले उचलतानाही होतीच. नव्हती ती संधी. ‘त्यांच्यात मुळात जिद्दच नाही’ म्हणणाऱ्याने त्या बांधकामावरच्या बाकीच्या मजुरांचा विचार करावा, ज्यांच्याकडे कोणी स्वामिनाथन वळला नाही. आणि जनगढसिंहांनी २००१ मध्ये जपानमध्ये, एका संग्रहालयासाठी काम करीत असताना, स्वतःचे आयुष्य संपवले हेही विसरू नये. कीर्ती मिळाली म्हणजे सगळे मिळाले असे नसते.

आता अवघड भाग. मूळच्यांचे नुकसान झाले हे मान्य केले, तर ‘जो आधी आला त्याचा हक्क मोठा’ असे मानायचे का? मराठी माणसाने इथे जरा सावध व्हावे. १९६६ पासून मुंबईत आपण भूमिपुत्राचा हक्क सांगत आलो. बेळगावात आपण म्हणतो, आम्ही इथलेच, आम्हाला उपरे ठरवू नका. आणि भोपाळ-इंदूर-जबलपुरात म्हणतो, भारत एक आहे, कोणीही कुठेही राहावे. तीन गावांत तीन नीती! जी नीती गाव बदलताच बदलते, ती नीती नसते, सोय असते.

‘आधी कोण’ या कसोटीचे काय होते, ते मलेशियात दिसले. तिथे भूमिपुत्र हा आपलाच संस्कृत शब्द सरकारी आहे. १९६९ च्या दंगलींनंतर १९७१ मध्ये त्या देशाने नवे आर्थिक धोरण आणले. चिनी व्यापाऱ्यांच्या तुलनेत मागे असलेल्या मलय समाजाला उद्योगांत ३० टक्के वाटा मिळावा असा हेतू होता. मलय मध्यमवर्ग त्यातून उभा राहिला, हे यश खरेच. पण तिथले खरे आदिवासी, ओरांग असली, जे मलय लोकांच्याही आधीचे, ते कागदोपत्री सवलतीत धरले गेले तरी तळाशीच राहिले. आणि मुंबईत? भूमिपुत्रांच्या सभांत बोरिवलीच्या जंगलातला, आरेच्या पाड्यावरचा वारली मंचावर किती वेळा दिसला? भूमिपुत्र हा शब्द बहुतेक वेळा भूमीचा सर्वांत धाकटा पण सर्वांत आवाजी मुलगाच पळवतो.

म्हणून मला वाटते, कसोटी ‘आधी कोण आले’ ही नसावी. आधी येणे हा योगायोग आहे. त्याने हक्क सिद्ध होत नाही, तसा उशिरा येण्याने दोषही लागत नाही. कसोटी ही असावी, की कोणाचे काय, कोणत्या मार्गाने गेले, आणि त्या जाण्यावर आज कोण उभे आहे. गोंडांचा दावा ते पहिले होते म्हणून मोठा नाही. त्यांच्याकडून जमीन आणि जंगल घेतले गेले, आणि घेणाऱ्यांच्या कायद्याला त्या घेण्याची कबुलीही द्यावी लागली, म्हणून तो मोठा.

‘पण माझ्या आजोबांनी कोण्या गोंडाची इंचभर जमीन घेतली नाही. ते बिचारे सचिवालयात टाचण्या मोजत होते,’ असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. आजोबांना दोष देण्याचे कारण नाही. पण आपल्या परंपरेत दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पितृऋण कोणत्या अपराधापोटी लागत नाही. आपण ज्यावर उभे आहोत ते आपण निर्माण केलेले नाही, एवढ्यानेच ते लागते. मातीचे ऋणही तसेच. सचिवालय ज्या महसुलावर चालले, त्यात सागवानाचा आणि तेंदूपानांचा पैसा होता. पगार घामाचा होता, पण ज्या तिजोरीतून तो आला ती सगळी आपल्या घामाची नव्हती. ऋण मानल्याने मान खाली जात नाही. ते नाकारल्याने मात्र पुढच्या पिढीचा हिशेब चुकतो.

ते फेडायचे कसे? मोठे उत्तर सरकारकडे आहे. २००६ चा वनहक्क कायदा हे त्याचे अर्धवट राबवलेले उत्तर. पण या अंकाच्या वाचकांकडे, बैतूल, छिंदवाडा, पांढुर्णा, बालाघाट, बऱ्हाणपूरच्या मराठी घरांकडे, एक उत्तर असे आहे की जे इतरांकडे नाही. १९५६ मध्येच, राज्य पुनर्रचनेबरोबर, घटनेत कलम ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. सीमेवरच्या मराठी शाळांसाठी आपण या कलमाचा आधार घेत आलो. शाळेत पहिल्याच दिवशी आपल्या घरची भाषा निरुपयोगी ठरलेली पाहून मुलाच्या चेहऱ्यावर काय येते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. तीच भाषेची भिंत आपल्या शेजारच्या गोंडी आणि कोरकू बोलणाऱ्या मुलापुढे दुप्पट उंच आहे. २०११ मध्ये गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते, आणि तरीही घटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला जागा नाही. साक्षरतेतल्या त्या अठरा टक्क्यांच्या फरकाचा थोडा तरी भाग या भिंतीपाशी साचला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मराठी शाळेसाठी निवेदन घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ, तेव्हा त्यात गोंडी आणि कोरकू मुलांसाठीही एक परिच्छेद लिहावा. ती मागणी आपल्यासाठी न्याय्य असेल तर त्यांच्यासाठी आधी न्याय्य आहे. त्यांच्यासाठी नसेल, तर आपल्यासाठीही ती केवळ सोयच होती.