ट्रक मोडण्याचा हक्क

लेगो टेक्निकने 2017 साली एक छोटा स्टंट ट्रक बाजारात आणला. 142 तुकडे, एक सूचनापुस्तिका आणि एक पुल-बॅक मोटार. तुकडे जोडायचे, ट्रक फरशीवर टेकवून मागे ओढायचा आणि सोडून द्यायचा. ओढताना आतली स्प्रिंग गुंडाळली जाते, सोडल्यावर उलगडते आणि ट्रक सुसाट सुटतो. बॅटरी नाही, चार्जर नाही. आपण हाताने जेवढा जोर लावला, त्यातला घर्षणात गेलेला वाटा वजा करून उरलेला तो परत करतो.

शेवटचा तुकडा बसला की सात-आठ वर्षांचं पोर ओरडतं, “आई, बघ, मी ट्रक बनवला!” आपणही कौतुक करतो. पण त्याने नक्की काय बनवलं? आराखडा कंपनीच्या डिझायनरचा. कुठला तुकडा कुठे, हे पुस्तिकेने आधीच ठरवलेलं. पैसे आईबाबांचे. आणि ज्यामुळे ट्रक पळतो ती मोटार तर बंद डबी, ती नुसती जागेवर बसवायची. काटेकोर हिशोब केला तर पोराच्या वाट्याला उरते फक्त मेहनत.

निव्वळ मेहनतीने वस्तू आपली होते का? सतराव्या शतकात जॉन लॉकने म्हटलं होतं की निसर्गात सगळ्यांसाठी असलेल्या गोष्टीत माणसाने आपले श्रम मिसळले, की ती त्याची होते. झाडाखाली पडलेली फळं वेचली, की ती वेचणाऱ्याची. पण इथे निसर्गातलं काहीच नाही, प्रत्येक तुकडा विकत आणलेला. लॉक आपल्या कामाला येत नाही. आणि हा प्रश्न पोरांपुरताही नाही. आपल्यापैकी बहुतेकांची नोकरी अशीच असते: टेम्प्लेट दुसऱ्याचं, पैसा तिसऱ्याचा, रात्री जागून केलेलं काम आपलं. ते ‘आपलं’ कोणत्या अर्थाने?

योगायोग असा की या प्रश्नाच्या जवळ जाणारा एक प्रयोग लेगोच्याच खेळण्यांवर झालेला आहे. डॅन अ‍ॅरिएली, एमिर कामेनिका आणि ड्रॅझेन प्रेलेक यांनी तो 2008 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लेगोचे ‘बायॉनिकल’ नावाचे छोटे योद्धे जोडायला दिले. पहिल्याचे दोन डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे 11 सेंट कमी. परवडेनासं झालं की थांबायचं. एका गटाचे तयार योद्धे टेबलावर ओळीने उभे राहत. दुसऱ्या गटातला विद्यार्थी पुढचा योद्धा जोडत असताना आधीचा त्याच्या डोळ्यांदेखत सुटा केला जाई आणि तेच तुकडे त्याला पुन्हा जोडायला मिळत. पहिल्या गटाने सरासरी 10.6 योद्धे बनवले, दुसऱ्याने 7.2.

काम तेच, मोबदला तोच. शिवाय शेवटी सगळे योद्धे मोडले जाणार, हे दोन्ही गटांना आधीच सांगितलं होतं. म्हणजे मोडलं जाणं हे दुखणं नव्हतंच. आपण केलेली गोष्ट घडीभरही उभी राहू दिली जात नाही, ते दुखणं. तीन आठवडे खपून केलेलं प्रेझेंटेशन “ते आता लागणार नाही” या एका ओळीच्या मेसेजवर संपलं की पगार कापला जात नाही. तरी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडावासा वाटत नाही. त्याला आळस म्हणू नये.

मग जपून ठेवणं हे उत्तर आहे का? पुष्कळ घरांत तेच होतं. ट्रक शोकेसमध्ये जातो. “मोडू नकोस हं, इतका महागाचा आहे!” पोर दोन दिवस काचेतून बघतं आणि विसरतं. त्याची मेहनत उभी आहे, पण आता ती त्याची राहिलेली नाही. ट्रकचं पुढे काय करायचं, हे त्याला विचारलंच जात नाही.

इथे मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि अ‍ॅरिएली यांचा 2012चा अभ्यास माझ्या विरोधात जाईल असं वाटतं. स्वतः जोडलेल्या वस्तूची किंमत माणूस चढी लावतो, याला त्यांनी ‘आयकिया परिणाम’ म्हटलं. त्यांनाच असंही दिसलं की जोडलेली वस्तू परत सुटी करायला लावली की ही माया ओसरते. मग मोडायला परवानगी देणं म्हणजे आपुलकीवर पाणी सोडणं नाही का? पण तिथेही मोडायचं ठरवलं होतं संशोधकांनी, जोडणाऱ्याने नाही. या दोन मोडण्यांत फरक आहे, असं मला वाटतं. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या पोरांना तो जाणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. सुट्टी संपताना ती स्वतःच त्याच्यावर धावून जातात, हसत. पण तोच किल्ला दुसऱ्या दिवशी कुणी गाडी लावताना चिरडला, तर रडारड होते. माती तेवढीच, किल्ला तोच. फरक इतकाच की एकदा निर्णय त्यांचा असतो आणि एकदा नसतो.

अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर होऊन पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे खऱ्याखुऱ्या ट्रकच्या कारखान्यात, नोकरीला होते. 1978 साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि तिथे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या बनवायची युक्ती त्यांच्या हाती लागली. खेळणं मुलाने मोडावं, हेच उत्तम, असं ते म्हणत आले आहेत. काड्यांचा चौकोन हाताने दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. का, ते कळायला आकृती मोडून पुन्हा जोडावी लागते. आणि मोडली तर कुणी ओरडत नाही, कारण काडीची किंमत किती? महागड्या खेळण्याबरोबर घरात एक पहारेकरीही येतो.

तेव्हा “मी बनवला” या पोराच्या वाक्याला माझ्यापुरतं उत्तर असं: आराखडा, तुकडे आणि ती बंद डबी दुसऱ्यांची आहेत हे खरं, आणि ते त्याला जरूर सांगावं. स्वतःच्या प्रत्येक कामात दुसऱ्याने बनवलेली अशी एखादी डबी असते हे लहानपणीच कळलेलं बरं. पण ट्रक किती दिवस उभा ठेवायचा, कधी सुटा करायचा आणि त्याच तुकड्यांचं पुस्तिकेत नसलेलं काय करायचं, हे ठरवणं त्याचं आहे. तेवढं त्याच्याकडे असेल तर ट्रक त्याचा. नाहीतर त्याने नुसती मजुरी केली.

हे मोठ्यांनाही लागू होतं. दुसऱ्याचं काम रद्द करायची वेळ प्रत्येकावर येते, आणि कधी कधी ते गरजेचंही असतं. निदान ते आधी बघावं, का रद्द होतंय ते सांगावं, त्यातलं काय वाचवायचं ते करणाऱ्याला विचारावं. यात फार तर दहा मिनिटं जातात. आणि घरात केर काढताना फरशीवर अर्धवट जोडलेला ट्रक दिसला, तर सुपलीत भरण्याआधी एक हाक मारावी.