यकृत तक्रार करीत नाही



मद्य हराम आहे, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. पवित्र कुरआनने ही मनाई टप्प्याटप्प्याने केली. सूरह बकराच्या 219 व्या आयतीत मद्यात लोकांसाठी काही लाभ असल्याचे मान्य करून त्याचा अपराध त्या लाभाहून मोठा ठरविला. पुढे नशेत नमाजजवळ जाण्यास मज्जाव झाला आणि अखेरीस सूरह माइदाच्या 90 व्या आयतीने संपूर्ण बंदी घातली. तरीही बाटली आपल्या वस्त्यांत शिरलीच आहे, हे नाकारून काय उपयोग?

'पचनासाठी थोडी घेतो' असे म्हणणारे भेटतात. वस्तुस्थिती उलट आहे. जठराच्या अस्तराला आम्लापासून जपणारा थर मद्याने दुखावतो. अस्तर सुजते, जळजळ व मळमळ सुरू होते, कधी उलटीत रक्तही पडते. हजरत तारिक बिन सुवैद (रजि.) यांनी औषधासाठी मद्य तयार करण्याविषयी विचारले, तेव्हा ते औषध नसून रोग आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

यकृताची कथा अधिक गंभीर आहे. जठर व आतड्यांतून शोषलेले मद्य रक्तावाटे प्रथम यकृताकडे येते. सुमारे दीड किलोचा हा अवयव मद्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करतो आणि मग तेही निकामी करतो. हे ओझे रोजचे झाले की त्याच्या पेशींत चरबी साठते, पुढे सूज येते आणि शेवटी मऊ अवयवाच्या जागी व्रणांचे कठीण जाळे उरते. यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. (चरबी मधुमेहाने व स्थूलपणानेही साठते. अशा रुग्णाकडे संशयाने पाहणे हा अन्याय होय.) यकृत बहुधा दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. डोळे पिवळे होतात, पोटात पाणी भरते, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. यकृतातून वाट न मिळालेल्या रक्ताच्या दाबाने अन्ननलिकेच्या शिरा फुगतात. त्यांतील एखादी फुटली तर प्राणांवर बेतते. मात्र केवळ चरबीचीच अवस्था असेल आणि मद्य पूर्ण सुटले, तर यकृत पुष्कळदा पूर्ववत होते. अल्लाहने दिलेल्या या अमानतीत सावरण्याची शक्तीही त्यानेच ठेवली आहे.

परंतु ही संधी आपण लज्जेपायी गमावतो. डॉक्टर विचारतात, आणि सोबत आलेला भाऊ रुग्णाच्या आधीच म्हणतो, "आमच्यात कोणी पीत नाही." मग उपचार दिशाहीन होतात. प्रेषितांच्या काळात एका व्यक्तीला मद्यपानासाठी वारंवार शिक्षा झाली. कोणी तिला शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले व ती व्यक्ती अल्लाह आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करते, याची ग्वाही दिली. सहीह बुखारीतील ही घटना घरोघरी सांगितली जावी. शिक्षा टळली नाही, पण त्या माणसाला समाजाबाहेरही ढकलले गेले नाही.

तेव्हा घरात कोणी पीत असेल तर डॉक्टरांना खरे सांगा: किती, किती वर्षे, शेवटची केव्हा. तौबा करण्यास क्षणाचाही विलंब नको. पण अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबविल्यास हात थरथरणे, भ्रम, झटके असे जीवघेणे त्रास होऊ शकतात. म्हणून त्याला घरात कोंडून न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आणि पहिले काही दिवस कोणीतरी त्याच्याजवळ राहा.